पगवाळा साहेब

आमच्या बडोद्यातल्या गोत्रीच्या घरात वरच्या खोलीत एक परदेशी गृहस्थ दीडेक वर्ष राहिले, आणि खालच्या बैठकीच्या खोलीत त्यांचे शेवटचे दिवस गेले. या गोष्टीला आता वीसहून जास्त वर्षं झाली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हयात असेपर्यंत आमच्या घरात तो विषय कोणी काढत नसे. आता ते नाहीत, म्हणून लिहिते आहे.

मी तेव्हा एका धर्मादाय संस्थेत फिजिओथेरपिस्ट होते. संस्था सयाजीगंजात, स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ. ज्यांचा पाय गेला त्यांना तिथे कृत्रिम पाय बसवून मिळे. पाय बनवायची कार्यशाळा मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये होती. पुढच्या दोन खोल्यांत मी लोकांना त्या पायावर उभं राहायला आणि चालायला शिकवत असे. माणसांचे पाय किती प्रकारांनी जातात ते मी तिथे पाहिलं. कोणाचा चालत्या गाडीखाली, कोणाचा नव्या कारखान्यातल्या पट्ट्यात, कोणाचा शेतातल्या थ्रेशरमध्ये, आणि कोणाचा नुसता अंगठ्याला झालेल्या जखमेने, कारण रक्तातल्या साखरेकडे कोणी पाहिलेलंच नसे.

आमचे पाय जड होते आणि लवकर मोडत. तेव्हा विश्वस्तांपैकी कोणाच्या तरी ओळखीने नॉर्वेहून एक स्वयंसेवक यायचं ठरलं. साठी उलटलेले, आयुष्यभर कृत्रिम पाय बनवण्यात घालवलेले, निवृत्त झाल्यावर दोन वर्षं विनावेतन काम करायला तयार असलेले. प्रश्न फक्त त्यांना ठेवायचं कुठे हा होता. हॉटेलात दोन वर्षं कोण ठेवणार? मी घरी सहज बोलले, आणि मामंजी म्हणाले, "आपली वरची खोली आहे की."

आम्ही सगळेच चाट पडलो. मामंजींचे वडील संस्थानच्या नोकरीत होते, मामंजी स्वतः महसूल खात्यातून निवृत्त झालेले. नागरवाड्यातलं घर सोडून गोत्रीच्या या सोसायटीत आल्यापासून त्यांनी शेजारच्या बंगल्याची पायरीसुद्धा चढली नव्हती. सासूबाई गेल्यावर तर ते जेवणापुरतंच बोलत.

माझे यजमान म्हणाले, "दादा, तो मांसमच्छी खाणारा माणूस. चालेल तुम्हाला?"

"बाहेर खाईल. मला रोज कोणाशी तरी धड इंग्रजी बोलायला मिळेल. तुमच्याशी काय बोलायचं? तुम्ही धड मराठीही बोलत नाही, गुजराथी घुसडता."

असं ठरलं.

ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर कपड्यांची लहानशी बॅग आणि अवजारांची भलीमोठी लोखंडी पेटी होती. पेटी त्यांनी हमालाला उचलू दिली नाही. उंच, खांद्यात वाकलेले, हात मात्र सुताराचे. पहिल्याच आठवड्यात पोट बिघडलं आणि ते इतके गळाले, की मला वाटलं, हे परत जातात. मामंजींनी मला मऊ भात करायला सांगितलं, त्यावर स्वतःच्या हाताने मेतकूट आणि तूप घातलं आणि ताटली घेऊन वर गेले. चार दिवस तेच चाललं. पाचव्या दिवशी साहेब खाली आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला म्हणाले, "ती पिवळी पूड अजून आहे का?"

हळूहळू त्यांनी स्वतःला बसवून घेतलं. सेकंडहँड सायकल घेतली. गोत्रीहून सयाजीगंजपर्यंत ते सायकलने जात. उन्हाने मानेची कातडी सोलून निघाली तरी रिक्षा केली नाही. आंघोळीचं पाणी स्वतः वर न्यायचे. दुपारी संस्थेजवळच्या गाडीवर सेवउसळ खायचे, घाम पुसत, डोळ्यांतून पाणी काढत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मागायचे. संध्याकाळी मामंजींबरोबर ओट्यावर बसायचे. दोघांचं बोलणं फार नसे. मामंजी जुन्या बडोद्याच्या पाणीपुरवठ्याबद्दल सांगत, साहेब त्यांच्या गावच्या बंदराबद्दल.

भाषेचा मात्र पहिल्या महिन्यात एक प्रसंग घडला. त्यांना कोणीतरी 'केम छो, मजामां?' शिकवलं होतं. ते येईल त्याला तेच विचारत. एकदा गुडघ्याखाली पाय कापलेला तरुण गडी पहिल्यांदाच आला. टाके नुकतेच काढलेले. साहेबांनी हसून विचारलं, "केम छो, मजामां?" तो सवयीने म्हणाला, "मजामां." आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्याला जे रडू फुटलं, ते थांबेचना. त्याची बायको त्याचं डोकं धरून उभी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला: तुम्ही त्याला विचारलंत, मजेत आहेस ना. त्यानंतर त्यांनी ते वाक्य कधी वापरलं नाही. आधी खाली बसायचे, माणसाच्या उरलेल्या पायावर हात ठेवायचे आणि माझ्याकडून त्याचं नाव विचारून घ्यायचे.

लोक त्यांना 'पगवाळा साहेब' म्हणू लागले. पग म्हणजे पाय. त्यांना 'साहेब' आवडत नसे, पण 'पगवाळा'चा अर्थ कळल्यावर ते खूश झाले. त्यांचे पाय हलके होते, दिसायला सुबक होते. बायामाणसं पुढच्या खोलीतल्या आधाराच्या दोन दांड्यांमधून पहिली चार पावलं टाकत तेव्हा बरोबर आलेले लोक टाळ्या वाजवत. मला वाटतं, पहिले सहा महिने ते सुखात होते.

मग त्यांनी हट्ट धरला, की पाय घेऊन गेलेल्यांना त्यांच्या घरी जाऊन पाहायचं. संस्थेची जीप घेऊन आम्ही पादरा गावाच्या बाजूला गेलो. पहिलं घर एका शेतमजूर बाईचं. तिच्या पायावर साहेबांनी फार मेहनत घेतली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात ढुंगणावर सरकत चुलीकडे चालली होती, एका हाताने पातेलं पुढे ढकलत. आम्हाला पाहून लाजली, पदर सावरला. पाय भिंतीवरच्या खुंटीला, प्लास्टिकच्या पिशवीत, धूळ लागू नये म्हणून वरून गाठ मारून.

मी विचारलं, "पाय घालत नाहीस का?"

ती म्हणाली, "ए तो लगनमां पहेरीए, बेन." म्हणजे तो आम्ही लग्नाकार्यात घालतो. वर अभिमानाने सांगितलं, की नणंदेच्या लग्नात सगळ्या वरातीबरोबर ती चालली.

तिचं काम सगळं उकिडवं बसून. चूल, भांडी, निंदणी, शेण. आमच्या पायाचा घोटा वाकत नव्हता. तो लावून तिला बसताच येत नव्हतं, मग ती काम कशी करणार? पुढच्या घरात पाय खाटेखाली होता. तिसऱ्या घरातला माणूस वारला होता आणि घरच्यांनी पाय परत द्यायला काढून ठेवला होता, स्वच्छ पुसून.

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "मी लग्नात मिरवायचे पाय बनवतो आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी बैठकीच्या खोलीत उकिडवं बसायचा प्रयत्न केला. मामंजी खुर्चीतून पाहत होते. साहेब दोनदा मागे पडले. तिसऱ्यांदा सोफ्याचा हात धरून कसेबसे बसले, कपाळावर घाम. मामंजी म्हणाले, "अहो, या वयात कशाला?" साहेब म्हणाले, "कुठे जोर येतो ते पाहायचंय."

तेव्हापासून त्यांनी वाकणाऱ्या घोट्याचं काम घेतलं. रबर, लाकूड, कातडं, नायलॉनचा पट्टा. मोडायचं, पुन्हा करायचं. शेवटी एक नमुना असा झाला, की शेडमधल्या चाचणीत तो टिकला. तो त्यांनी एका हमालाला बसवला. हमाल महिनाभर त्या पायावर चालला, बसला, ओझीही उचलायला लागला. आणि एक दिवस बाजारात पोतं घेऊन उतरताना घोटा तुटला. तो पोत्यासकट पडला. उरलेल्या पायाची जखम फाटली, मग ती चिघळली, आणि इस्पितळात त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

साहेब रोज इस्पितळात जात. हमाल त्यांना काही बोलला नाही. त्याची आई बोलली. मला भाषांतर करायचं होतं. मी अर्धंच केलं. ते म्हणाले, "सगळं सांगा." मग मी सगळं सांगितलं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या घरचं सांगितलं. बायको आजारी होती तेव्हा ते आफ्रिकेत असंच काम करत होते. आज येतो, उद्या येतो करता करता ते अंत्यविधीलाच पोचले. मुलगी एकच. तिने तेव्हापासून बोलणं टाकलं. "तिला वाटतं, मला परक्यांचीच काळजी असते," ते म्हणाले. "आणि आता पाहा, परक्यांचंही काय केलं."

मी म्हटलं, "असं म्हणू नका."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, फाल्गुनात, सकाळी ते चहाला खाली आले नाहीत. मामंजी वर गेले. त्यांची हाक ऐकून मी धावले, कारण मामंजी कधी हाक मारत नसत, बोलावणं पाठवत. साहेब पलंगाला टेकून जमिनीवर बसले होते. उजवा हात मांडीवरून घसरलेला, तोंड एका बाजूला. डोळे उघडे होते आणि आमच्यावर होते. शिकत असताना मी असे रुग्ण रोज पाहिले होते. अर्धांगाचा झटका आहे हे कोणी सांगायची गरज नव्हती.

इस्पितळात ते पंधरा दिवस होते. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मग डॉक्टर म्हणाले, "आता इथे ठेवून काही होणार नाही. घरी न्या, सेवा करा, व्यायाम द्या."

घरी म्हणजे कुठे? विश्वस्तांची बैठक झाली. त्यांच्या देशातल्या संस्थेचा निरोप आला, की प्रवासाला योग्य झाले की विमानाने नेऊ, विमा कंपनीशी बोलणं चालू आहे. मुलीचा पत्ता बदलला होता, तिचा शोध सुरू होता. तोपर्यंत काय? सगळे माझ्याकडे पाहू लागले.

घरी यजमान स्पष्ट म्हणाले, "हे बघ, मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. पण परदेशी माणूस आहे. आपल्या घरात काही बरंवाईट झालं तर पोलीस आपल्याला विचारणार. आणि करणार कोण? तू दिवसभर तिकडे."

"मी करीन," मामंजी म्हणाले.

"दादा, तुमचं वय काय!"

"ते माझे पाहुणे आहेत. पाहुणा आजारी पडला म्हणून कोणी बाहेर काढतं का?"

बैठकीच्या खोलीतला सोफा ओसरीत गेला आणि तिथे इस्पितळासारखी लोखंडी खाट भाड्याने आली. सकाळी अंग पुसायला आणि कपडे बदलायला एक आया येई. मी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर त्यांचे हातपाय हलवून घेई. मधला सगळा दिवस मामंजींचा. वयाची पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने जन्मात पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नव्हता. तो आता पातळ खिमटी चमच्याने भरवू लागला, हनुवटी पुसू लागला, लघवीचं भांडं देऊ लागला. पहिल्या दिवशी अर्धी खिमटी चादरीवर सांडली. मग सवय झाली.

काही दिवसांनी साहेबांच्या तोंडून आवाज यायला लागले. "गादे... गादेलो..." सुरुवातीला तुटक, मग सलग. "गादेलोना, गादे, गादेलो." त्याला चढउतार होता, प्रश्नासारखा सूर होता, कधी रागाचा. इंग्रजीचा एक शब्द नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "छान. मातृभाषा आधी परत येते पुष्कळदा. म्हणजे सुधारणा आहे." आम्हाला किती बरं वाटलं! मलाही वाटलं, आणि मी तर त्याच व्यवसायातली. नॉर्वेची भाषा बडोद्यात कोणाला येणार? विद्यापीठात चौकशी केली. जर्मन शिकवणारे एक गृहस्थ येऊन गेले, कान देऊन ऐकलं, म्हणाले, "काही शब्द ओळखीचे वाटतात, पण खात्री नाही."

मग मामंजींनी स्वतःच तो अभ्यास मनावर घेतला. "गादे म्हणजे पाणी," ते एक दिवस मला म्हणाले. "पाणी दिलं की थांबतात." पुढच्या आठवड्यात गादेलो म्हणजे खिडकी ठरली, कारण खिडकी उघडली की ते तिकडे पाहत. गादेलोना म्हणताना साहेबांचे डोळे भरून येत. तो शब्द मामंजींनी माझ्यापाशी हळूच सांगितला, "मला वाटतं, मुलीला हाक मारतात."

ते त्यांच्याशी आता मराठीतच बोलत. इंग्रजी सोडूनच दिलं. मी संध्याकाळी फाटकातून आत येताना ऐकू येई, "अहो, आज वारं अगदी पडलंय. पाऊस लांबणार असं दिसतं. सूनबाई अजून आली नाही, येईल एवढ्यात." आणि उत्तर येई, "गादेलो, गादे." "हो ना," मामंजी म्हणत, "तेच म्हणतो मी."

सोसायटीतले लोक पहिले काही दिवस खिचडी, ढोकळा घेऊन आले. मग कमी झाले. मग फाटकाशीच विचारू लागले. समोरच्या बेन मला म्हणाल्या, "तमे तो भारे फसाया, बेन." तुम्ही भलत्याच अडकलात. त्यांचं काही चुकलं नव्हतं. रात्रभर खोकल्याचा आवाज सगळ्या गल्लीला जात होता. यजमान ऑफिसातून उशिरा येऊ लागले. घराला औषधांचा आणि लघवीचा वास येत होता. माझी कंबर धरली होती. एकदा चादर बदलताना साहेबांनी चांगल्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि इतक्या जोरात पिरगाळलं, की मी ओरडले. ते माझ्याकडे रागाने पाहत होते आणि "गादे, गादे, गादे" म्हणत होते. मी पाणी आणलं. त्यांनी पेला भिरकावला.

अखेर मुलगी सापडली. फोन संस्थेत आला. मी घेतला. तिने आधी विचारलं, "ते जगणार आहेत का?" मी म्हटलं, आज तरी आहेत. तिने गावाचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. मग म्हणाली, "मी येते."

ती येणार त्या दिवशी मामंजींनी साहेबांची दाढी स्वतः केली. धुतलेला सदरा घातला. स्वतःही कोट चढवला, मे महिन्याच्या उकाड्यात. ते अधीर होते. मला दोनदा म्हणाले, "आता सगळा उलगडा होईल. त्यांना काय हवंय ते नीट कळेल."

ती मुंबईहून गाडीने आली. तिशीची, वडिलांसारखीच उंच, चेहरा प्रवासाने सुजलेला. दारातच थांबली. साहेबांनी तिला पाहिलं आणि ते रडू लागले, तोंड वेडंवाकडं करून, आवाज काढून. ती खाटेपाशी गुडघ्यांवर बसली. त्यांनी तिच्या केसांत डावा हात घातला आणि बोलू लागले. "गादेलोना, गादे, गादेलो, गादेलोना." थांबेचनात. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिने त्यांच्या भाषेत काही विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

मामंजींना धीर धरवला नाही. त्यांनी त्यांच्या जपलेल्या इंग्रजीत विचारलं, "काय म्हणताहेत ते? गादे म्हणजे पाणीच ना?"

तिने वर पाहिलं. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, ते तुमच्या भाषेत बोलताहेत."

मामंजी आमच्या दोघींकडे पाहत राहिले. तीच पुन्हा म्हणाली, "ही आमची भाषा नाही. हे शब्दच नाहीत."

मला त्या क्षणी सगळं कळलं, जे मला आधीच कळायला हवं होतं असं म्हणता येईल, पण डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. मेंदूच्या बोलण्याच्या भागाला इजा झाली, की काही माणसांत दोनतीन आवाज तेवढे उरतात. तेच ते येत राहतात. माणसाला वाटतं आपण बोलतोय. मी तिला ते समजावून सांगितलं. मामंजीही ऐकत होते. मग ते उठले, कोट काढला, घडी करून हातावर घेतला आणि आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मुलगी वरच्या खोलीत राहिली, वडिलांच्या पलंगावर. पहिले दोन दिवस ती त्यांच्याजवळ नुसती बसे, हात लावायला धजत नसे. मला म्हणाली, "तुम्ही त्यांचं इतकं केलंत. खरं सांगू, माझ्यात तेवढं नाही." मी म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर उभी राहा." मी तिला भरवायला शिकवलं: मान थोडी खाली, चमचा डाव्या गालाकडून, गिळल्याशिवाय दुसरा घास नाही. कूस कशी बदलायची, खांदा कसा धरायचा. तिचे हातही वडिलांसारखेच होते, एकदा दाखवलेलं विसरत नसत. आठवड्याभरात तिने आयेला सुट्टी दिली. पाण्याची बादली उचलून नेताना, घामाने चेहरा लाल झालेला असताना, ती एकदा म्हणाली, "आई आजारी होती तेव्हा मी एकटीने हे सगळं केलं. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग होता."

"आता?"

"आताही आहे. पण आता सांगू कोणाला?"

विमा कंपनीचं उत्तर येत नव्हतं. मग आलं, की अमुक तपासण्या करून पाठवा. तपासण्या केल्या. तेवढ्यात साहेबांना ताप भरला. अन्नाचा अंश श्वासनलिकेत जाऊन छाती भरली होती. अशा रुग्णांचं बहुतेक हेच होतं, कितीही सांभाळून भरवा. इस्पितळात हलवलं. तिथे ते आवाजही थांबले. तिसऱ्या दिवशी दुपारी, ती बाहेर पाण्याची बाटली आणायला गेली असताना, ते गेले. मी तिथे होते. मामंजी घरी होते. मुलगी घरी आल्यापासून त्यांनी खाटेशी बसणं जवळजवळ सोडलं होतं.

पोलीस आले, कागद झाले, दूतावासाशी फोनवर बोलणं झालं. देह त्यांच्या देशात न्यायचा तर किती दिवस लागतील ते कोणी सांगेना, आणि उन्हाळा तसा. मुलीने विचारलं, "तुम्ही तुमच्या माणसांचं काय करता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग तेच करा."

खासवाडीच्या स्मशानात संस्थेचे लोक आले होते. दोनतीन जण आपापल्या नव्या पायांवर उभे होते. हमाल आला नाही, येणं शक्यच नव्हतं. पण त्याची आई आली होती. लांब कडुलिंबाखाली उभी राहिली आणि अग्नी दिल्यावर कोणाशी न बोलता निघून गेली. अग्नी मुलीने दिला. भटजी कुरकुरले, तेव्हा मामंजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले, "तिचा बाप आहे. तीच देईल."

ती अर्ध्या अस्थी घेऊन गेली. स्टेशनवर तिने मामंजींना वाकून नमस्कार केला, कुठे पाहिला होता कोण जाणे. मामंजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वादाचं काही बोलले नाहीत.

उरलेल्या अस्थी घेऊन मी आणि मामंजी नर्मदेवर चांदोदला गेलो. यजमान येतो म्हणाले होते, त्यांना रजा मिळाली नाही. नदीचं पाणी खूप खाली गेलं होतं. घाटाच्या पायऱ्या उतरून पुढे तापलेल्या वाळूतून चालावं लागलं. मामंजींच्या पायांना चटके बसत होते, पण त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या. नावेत गुरुजींनी विचारलं, "मृताचं नाव, गोत्र?"

नाव मामंजींनी नीट, हळू उच्चारून सांगितलं. गोत्राला अडले. मग म्हणाले, "काश्यप." ज्याचं गोत्र ठाऊक नसतं त्याचं काश्यप धरतात.

गुरुजींनी मंत्र भराभर म्हणायला सुरुवात केली. काठावर दुसरी मंडळी वाट पाहत होती. मामंजी म्हणाले, "सावकाश म्हणा." गुरुजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि वेग कमी केला.

अस्थी पाण्यात सोडल्या. पाण्याला ओढच नव्हती. राख वर पसरली आणि संथपणे नावेच्या कडेलाच परत आली, लाकडाला चिकटून राहिली. मी हाताने पाणी ढकललं, तरी येतच होती. नावाड्याने वल्ह्याने चारदोनदा पाणी कापलं, तेव्हा ती सुटली आणि हिरव्या पाण्यात मातकट होऊन विरली. मामंजी तिकडे पाहत नव्हते. त्यांनी धोतराच्या सोग्याने चेहरा पुसला आणि नावाड्याला नाव वळवायला सांगितली.

बसमध्ये त्यांना मी खिडकीजवळ बसवलं. ऊन येत होतं म्हणून त्यांनी पत्रा खाली ओढला. डभोई येईपर्यंत ते डोळे मिटून होते. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "ती खाट उद्या परत पाठवून दे."